धुरपदाबाईची साक्ष

धुरपदाबाई साक्ष द्यायला उभी राहिली की आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायका पदर आधीच डोळ्यांपाशी नेऊन ठेवत. पुढे काय येणार ते सगळ्यांना पाठ होतं, तरी रडायचं ते रडायचंच. साक्ष म्हणजे प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते उपासनेत उभं राहून सगळ्यांना सांगायचं. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाच्या नवऱ्याची दारू सुटलेली असते, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा लागते म्हणून साक्षही बदलते. धुरपदाबाईची साक्ष मात्र बदलत नसे. दर वर्षी आखाजीच्या आसपासच्या रविवारी ती उठायची, चष्मा काढून हातात धरायची आणि सुरुवात करायची, "आखाजीचा दिवस होता. माझा भाऊ दारात उभा राहिला."

आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा सण. भाऊ मुराळी होऊन बहिणीला सासरहून आणायला जातो, झाडांना झोके बांधतात, आणि त्याच दिवशी घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरून पूजतात. धुरपदाबाईचं माहेर चोपड्याकडचं, केळीवालं. नवरा लवकर गेला म्हणून ती माहेरी परतली, तिथून सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर प्रार्थनेला जाऊ लागली आणि तिने बाप्तिस्मा घेतला. त्या वर्षीच्या आखाजीला तिचा थोरला भाऊ झुलाल दारात आडवा उभा राहिला. तिचं गाठोडं त्याने ओट्यावर आणून ठेवलं. आत दोन घागरी भरलेल्या होत्या. एक त्यांच्या आईची, ती आदल्याच वर्षी गेली होती. दुसरीकडे बोट दाखवून तो म्हणाला, ही तुझी.

"मी जिवंत असताना माझ्या भावाने माझ्या नावाची घागर भरली," धुरपदाबाई सांगायची. थोडं थांबायची. "आणि प्रभूच्या कृपेने मी त्याला क्षमा केली." मग आमेन, आणि पदर.

मी पुष्पाबाई. धुळ्याला देवपुरात आमच्या मिशन कंपाउंडमधल्या शाळेत मी शिकवायचे आणि धुरपदाबाई तिथल्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. शाळा दुसऱ्या जागी गेली, वसतिगृह बंद पडलं, मुली नाशिक-पुण्याला शिकायला गेल्या. उरलो आम्ही दोघी, लागून लागून खोल्या असलेल्या. मधे भिंत आहे असं म्हणायचं इतकंच. ती शिंकली तर मी इकडे "देव बरं करो" म्हणायचे. पण शेजार होता तेवढाच, सोबत नव्हती. धुरपदाबाई कुणाच्या फार जवळ जात नसे. एवढी मोठी क्षमा केलेल्या बाईजवळ आपलं रोजचं रडगाणं घेऊन जायची लोकांनाही लाज वाटायची. संध्याकाळी ती दारात बसायची. समोर वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचा दरवाजा, कुलूप लावलेला. ती त्याच्याकडे बघत बसायची आणि मी माझ्या दारातून तिच्याकडे. पीठ ती अजूनही जास्तच मळायची. उरलेल्या भाकरी कंपाउंडमधल्या कुत्र्यांना घालताना ती त्यांच्याशी जे बोलायची, तेवढंच तिचं दिवसभराचं बोलणं.

मागच्या वर्षी आमच्याकडे चैत्राम पाळक आले. पावरा आदिवासी समाजातले, वयाने लहान, हळू बोलणारे. त्यांनी तिची साक्ष पहिल्यांदा ऐकली आणि नंतर चहाच्या वेळी विचारलं, "आक्का, मग पुढे काय झालं?"

"पुढे काय व्हायचंय? क्षमा केली ना."

"हो, ते ऐकलं. पण भाऊ? ते भेटले का नंतर?"

धुरपदाबाईने कप खाली ठेवला आणि निघून गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती मला भिंतीपलीकडून ऐकवत होती की हल्लीच्या पाळकांच्या विचारांना खोली नाही. त्यात भर म्हणजे पाळकांनी एका रविवारी प्रवचनात सांगितलं, की विश्वासात आलो म्हणजे पोचलो असं नसतं, वाढ मरेपर्यंत चालू राहते, आणि प्रार्थनेत आपण भाकर रोजची मागतो, वर्षाची नाही. धुरपदाबाई पहिल्या बाकावर ताठ बसून होती. हे आपल्याला उद्देशून आहे हे तिला कळलं होतं, आणि ते आपल्याला लागू नाही याची तिला खात्री होती.

या वर्षी आखाजी नेमकी रविवारीच आली. तिची साक्ष ऐकायला जळगावची मंडळी गाडी करून येणार होती, त्यामुळे बाईंनी पांढरं लुगडं खळ घालून वाळत टाकलं होतं. त्याच्या आदल्या शुक्रवारची दुपार. ऊन असं की सगळी दारं बंद. रिक्षा थांबल्याचा आवाज आला म्हणून मी फटीतून बघितलं. धोतर-टोपीतला एक म्हातारा खांद्याला पिशवी लावून कंपाउंडच्या मधोमध उभा होता आणि हाका मारत होता, "धुरपदी! ए धुरपदी!"

आमच्यात तिला आक्का म्हणायचे, बाई म्हणायचे. धुरपदी म्हणणारं कुणी नव्हतं. तिने दार उघडलं आणि चौकटीला धरून तशीच उभी राहिली.

"चाल वं," म्हातारा म्हणाला. "तुले लेवाले वनू. आखाजी शे ना. माय वाट देखी राह्यनी."

तो तिला न्यायला आला होता. तिने मला नंतर सांगितलं, या घटकेची तयारी तिने फार वर्षं करून ठेवली होती. झुलाल येणार, पायाशी वाकणार, ती त्याला उठवणार. काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. त्यात हे नव्हतं.

"माय मरी गयी," ती म्हणाली. तिच्या आवाजाला धार होती. "तूच अग्नी दिधी तिले."

म्हातारा पायरीवर बसला आणि हंबरडा फोडून रडला. इतक्या जुन्या मरणासाठी कुणी असं रडत नाही. मी पाणी घेऊन गेले. त्याने तोंड धुतलं, पाणी प्यायला, टोपी नीट केली, बहिणीकडे बघून हसला आणि म्हणाला, "चाल ना वं. माय वाट देखी राह्यनी."

तेव्हा आम्हाला कळलं.

इथला पत्ता कसा सापडला ते त्याला सांगता आलं नाही. त्याच्या खिशात एका कागदावर फोन नंबर लिहिलेला होता. पाळकांनी फोन लावला. पलीकडे त्याचा मुलगा चंदन होता. सकाळपासून ते लोक गावातल्या विहिरी बघत हिंडत होते. आबांना दोनेक वर्षांपासून काही आठवत नाही, याआधीही निघून गेले होते, पण धुळ्यापर्यंत कधी नाही, असं तो म्हणाला. केळीची कटाई चालू होती, माल गाडीत भरायचा होता. रविवारी येऊन घेऊन जाईन, तोवर फुईकडे राहू द्याल का? "फुई" म्हणताना तो अडखळला. आपल्याला आत्या आहे हे त्याने नुसतं ऐकलेलं असणार.

पिशवीत केळ्यांची एक फणी होती, उन्हाने काळी पडलेली. बहिणीकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, एवढं त्याच्या लक्षात राहिलं होतं. धुरपदाबाईने ती फणी बाहेर कट्ट्यावर ठेवली, टाकायला.

संध्याकाळी त्याला जेवायला वाढल्याचा आवाज मी ऐकला. मग त्याचा आवाज आला, "तू घर का बरं येस नही वं?"

धुरपदाबाईने साक्ष दिली. सगळी, पहिल्यापासून, त्याच शुद्ध मराठीत. ती मराठी तिला फार पूर्वी एका पाळकीणबाईंनी शिकवली होती, एरवी ती तसं कधीच बोलत नसे.

"पुस्तकसारखं का बोली राह्यनी?" झुलाल म्हणाला. "नीट सांग."

मग तिने अहिराणीत सांगितलं. ते मी प्रथमच ऐकत होते, आणि ती साक्ष वेगळीच निघाली. त्यात मंडळी नव्हती, प्रभूची कृपा नव्हती. ओट्यावरच्या गाठोड्यात तिची आरशाची पेटी फुटली होती. तिला ठेवलं तर गाव त्याच्या घरी पाणी पिणार नाही असं लोक आदल्या रात्री सांगून गेले होते. घागर दाखवताना त्याचा धक्का लागून पाणी सांडलं होतं. आणि ती चोपड्याच्या स्टँडवर एस.टी.ची वाट बघत बसली तेव्हा तिला एवढंच वाटत होतं, की तो मागून येईल.

म्हातारा भयंकर चिडला. "कोनी करं वं आसं? नाव सांग त्यानं! त्याले मी पाही लिसू!"

मग तिची पावलं वाजली आणि ती माझ्या दारात आली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, साक्ष देतानाही नाही. रडणं आमच्याकडे असायचं.

"त्याला आठवत नाही, पुष्पा. काहीच नाही. मग मी इतकी वर्षं कुणाला क्षमा करत होते?"

मला तर रागच आला होता. मी म्हटलं, "मग सांग ना त्याला. तूच होतास म्हणून सांग. तोंडावर."

ती गेली आणि तिने सांगितलं. मग झुलाल म्हणाला, "मी?" आणि पुन्हा, "मी?" आणि मग तो रडायला लागला आणि म्हणाला, "माले माफ कर वं. माले माफ कर."

घ्या, मला वाटलं, झालं एकदाचं. जे हवं होतं ते मिळालं. मी देवाचे आभार मानले आणि निवांत झोपले.

पण शनिवारी सकाळी चहाबरोबर त्याने पुन्हा विचारलं, तू घर का बरं येस नही, आणि धुरपदाबाईने पुन्हा सगळं सांगितलं, नावासकट. तो पुन्हा रडला, पुन्हा माफी मागितली. आंघोळीनंतर पुन्हा. मी भाजी निवडत होते, माझे हात थांबले. या खेपेला गाठोडं ओट्यावर ठेवण्याऐवजी फेकलं गेलं होतं. क्षमा केल्याचा भाग या तिन्ही खेपांत तिने एकदाही सांगितला नव्हता. तिला तहान लागली होती आणि तो दर वेळी नव्याने पाजत होता, आणि तिचं काही केल्या भागत नव्हतं. मी भिंतीवर थाप मारली. तिकडे तिचं सांगणं थांबलं.

मग म्हाताऱ्याचा आवाज आला. नाक ओढत, अगदी लहान पोरासारखा, त्याने बहिणीला विचारलं, "धुरपदी, मी का बरं रडी राह्यनू?"

कारण तेवढ्यात तो विसरला होता. डोळे ओले होते आणि का ओले आहेत हे त्याला माहीत नव्हतं.

मी उठून तिच्या दारात गेले. धुरपदाबाई पदराने त्याचं तोंड पुसत होती. तिचा चेहरा असा झाला होता की मी तशीच परतले. थोड्या वेळाने कट्ट्यावरची काळी केळी तिने आत नेली. सोलल्यावर आतून बरी निघाली असावीत.

दुपारी त्याने पुन्हा विचारलं. मी कान देऊनच बसले होते, खोटं कशाला बोलू.

"काम व्हतं, भाऊ," ती म्हणाली.

"एवढं काय काम वं?"

"पोरीसनं जेवन."

"मंग बरं," झुलाल म्हणाला, आणि त्याचं समाधान झालं.

तो विचारत राहिला आणि ती सांगत राहिली. सोपं होतं असं नाही. दर वेळी ती आधी गप्प व्हायची. त्या गप्प राहण्यात काय चाललं असेल ते मला भिंतीतून कळायचं. एकदा तिने भांडं आपटलं. एकदा ती बाहेर येऊन कुलूप लावलेल्या दाराशी उभी राहून आली. पण "तूच" हा शब्द तिने पुन्हा काढला नाही.

संध्याकाळी पाळक चौकशीला आले. तिने त्यांना दारातच विचारलं, "एकदा क्षमा केली की झाली, असंच ना?"

"तुम्हाला काय वाटतं, आक्का?"

"मला वाटायचं झाली म्हणून," ती म्हणाली. "मी तर अजून सुरुवातही केली नव्हती." आणि ती इतकी दमलेली दिसत होती की पाळकांनी प्रार्थना अगदी आखूड केली.

रविवारी देऊळ भरलं. आम्ही आमच्या प्रार्थनामंदिराला देऊळच म्हणतो. जळगावची मंडळी पुढे बसली. त्यांच्यातल्या एका बाईने फोन सरळ धरून ठेवला होता, साक्ष उतरवून घ्यायला. झुलाल पुरुषांच्या बाजूला मागच्या बाकावर, टोपी मांडीवर घेऊन. त्याला बहुधा लग्नाला आल्यासारखं वाटत होतं. सगळ्यांकडे बघून तो मान हलवत होता. तो कोण हे मी आणि पाळक सोडून कुणाला माहीत नव्हतं.

पाळकांनी नाव पुकारलं तेव्हा मी मागे वळून झुलालकडे पाहिलं. ही साक्ष सोडली तर धुरपदाबाईजवळ दुसरं काय होतं? ना नवरा, ना लेकरू, ना नोकरी. वर्षातून एकदा तिच्यासाठी माणसं रडत, तेवढीच तिची मिळकत. दिली तर तो ऐकणार होता, आणि न दिली तर ती उद्यापासून कुणीच नव्हती.

ती उठली. चष्मा काढून हातात धरला.

"आखाजीचा दिवस होता," ती म्हणाली. "माझा भाऊ दारात उभा राहिला."

पदर डोळ्यांपाशी गेले. ती थांबली. तिने मागच्या बाकाकडे पाहिलं. चष्म्याशिवाय तिला तो दिसत नव्हता, पण तो कुठे बसला आहे ते तिला माहीत होतं.

"तो म्हणाला, तुले लेवाले वनू."

आणि ती खाली बसली.

जळगावच्या बाईने फोन बंद पडला की काय म्हणून उलटून बघितला. आमच्या बायका पदर तसेच धरून एकमेकींकडे बघत होत्या. मागून झुलाल मोठ्याने म्हणाला, "हां, बरोबर शे," आणि दोन पोरी खुदकन हसल्या. आमेन म्हणायचं कुणाला सुचलं नाही. चहाच्या वेळी पाहुण्यांना मी सांगितलं की बाईंची तब्येत आज बरी नाही. ते चहा पिऊन लवकर निघाले.

चंदन दुपारी आला. भला माणूस, पण घाईत. त्याने फुईच्या पाया पडायचं की नाही ते ठरवेपर्यंत वेळ निघून गेली. आबांना गाडीत बसवलं. ते खिडकीतून म्हणाले, "बठ ना वं. तू येस नही का?"

"या ना फुई, कधीतरी," चंदन म्हणाला. त्याचं लक्ष किल्लीकडे होतं. तो अजून एकदा म्हणाला असता तर ती बसली असती, तिने पिशवी भरून दाराआड ठेवली होती. तो म्हणाला नाही. गाडी गेली. धुरपदाबाई फाटकापाशी उभी राहिली, मग आत येऊन तिने पिशवी रिकामी केली. मी ते सगळं ऐकलं. मी तिकडे जायला हवं होतं की नको, हे ठरवता ठरवता संध्याकाळ झाली.

आता तिला साक्षीला कुणी उठवत नाही. जळगावहून बोलावणं येत नाही. पहिल्या बाकावर ती बसते, पण कुणी वळून बघत नाही. संध्याकाळी ती दारात असते, समोर कुलूप. कधी कधी मी माझी खुर्ची तिच्या बाजूला नेऊन ठेवते.

परवा सकाळी तिचा फोन वाजला. डिंपल होती, चंदनची बायको. आबा जेवत नाहीत, धुरपदीला बोलवा म्हणतात, जरा बोलता का फुई? मग त्याचा आवाज आला, मलासुद्धा ऐकू येईल इतका मोठा.

"तू घर का बरं येस नही वं? आखाजी वनी. माय वाट देखी राह्यनी."

आखाजी केव्हाच होऊन गेली होती. मी दारातून बघत होते. धुरपदाबाईची मान ताठली, ओठ आवळले गेले, फोन धरलेली बोटं पांढरी पडली. ती घागर तिच्यापुढे पुन्हा होती तशी उभी होती, भरलेली. कुठे काही कमी झालं नव्हतं. पलीकडे डिंपल "हॅलो, हॅलो" करत होती.

"घर येसू, भाऊ," धुरपदाबाई म्हणाली. "मायले सांग, मी येसू. तू जेवी ले."